रिसेप्टरवर पीएचडी करायची, तर आधी मोजमापाचं विचारा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "फार्माकॉलॉजीत एम.फार्म. झालंय. रिसेप्टर आणि सिग्नलिंगवर पीएचडी करायची मनापासून इच्छा आहे. पण आमचे सर म्हणतात, या विषयाला २०१२ मध्ये नोबेल मिळून गेलं, रचना सापडल्या, उरलंसुरलं एआय करेल. पुण्यात फार्माकोव्हिजिलन्सची (औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवण्याची) नोकरी हातात आहे. या विषयात आयुष्यभर संशोधन करायचं म्हणजे नेमकं काय करायचं असतं? मी त्यात पडावं का?"

मी याच विषयात, म्हणजे पेशीवरची प्रथिनं (रिसेप्टर) संप्रेरक किंवा औषध पकडून आत संदेश (सिग्नल) कसा पाठवतात यात, पीएचडी केली, पुढे परदेशात पोस्टडॉक केलं, आणि आता एका औषध कंपनीत रिसेप्टरचे ॲसे, म्हणजे औषधाचा परिणाम मोजणारे प्रयोग, लावणाऱ्या गटाचं काम बघते. त्यामुळे मला या विषयाचं प्रेम आहे हे गृहीत धरूनच पुढचं वाचा.

सरांचं म्हणणं आधी निकालात काढू. माणसाच्या जनुकसंचात जी-प्रथिनांशी (पेशीच्या आत संदेश पुढे नेणाऱ्या प्रथिनांशी) जोडलेल्या रिसेप्टरांची, म्हणजे जीपीसीआर घराण्याची, सुमारे ८०० जनुकं आहेत. त्यातली साधारण निम्मी वास ओळखणाऱ्या रिसेप्टरांची. उरलेल्यांपैकी शंभरेक रिसेप्टर शरीरातल्या कोणत्या रेणूने चालू होतात हे अजून पक्कं ठाऊक नाही, त्यांना आम्ही ऑर्फन म्हणतो. अमेरिकेत मंजूर झालेल्या औषधांपैकी जवळजवळ एक तृतीयांश औषधं या एकाच घराण्यावर काम करतात. अस्थालिनच्या पंपातलं साल्ब्युटामॉल, रक्तदाबाचं मेटोप्रोलॉल, सर्दीची सेट्रिझिन, मॉर्फिन आणि सध्या ज्याच्या-त्याच्या तोंडी असलेलं सेमाग्लुटाइड, सगळी याच घरातली. संपलेला विषय असा नसतो.

रचनेचं म्हणाल तर बीटा-२ ॲड्रिनर्जिक रिसेप्टरची स्फटिकरचना २००७ मध्ये आली आणि जी-प्रथिनासह त्याची जोडी २०११ मध्ये. अप्रतिम काम आहे. पण रचना म्हणजे एका क्षणाचा फोटो. नवा रेणू तिथे बसला की पेशीला किती जोरात ढकलेल, कोणत्या मार्गाने ढकलेल आणि तासाभराने रिसेप्टर पेशीच्या पटलावर शिल्लक असेल की आत ओढला गेला असेल, हे त्या फोटोवरून सांगता येत नाही. एआयचीही अडचण तीच. त्याला शिकायला जी आकडेवारी लागते ती कुणाच्या तरी ॲसेमधून येते, आणि तो ॲसे कच्चा असेल तर पुढचं सगळंच कच्चं.

म्हणून माझ्या मते तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे. या विषयात दर दहा वर्षांनी तंत्र बदलतं. किरणोत्सारी लिगंड (रिसेप्टरवर बसणारे रेणू) गेले, क्लोनिंग आलं, मग चमकणारी प्रथिनं, मग क्रायो-ईएम (गोठवलेल्या प्रथिनाची रचना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने बघणं). अशा वेळी तीस वर्षं कशाला धरून राहायचं? माझं उत्तर आहे मोजमाप. आपण जे मोजतोय ते खरंच रिसेप्टरचं काम आहे का, हा एकच प्रश्न न कंटाळता विचारत राहायची तयारी असेल तर या विषयात पडावं.

ज्या नोबेलचा दाखला सर देतात, ते मिळवणाऱ्या रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांची कारकीर्द जरा बारकाईने बघा. १९६८ साली ते अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत आले ते संशोधनाच्या ओढीने आले नव्हते. व्हिएतनाम युद्ध चालू होतं, डॉक्टरांची सक्तीची भरती होत होती, आणि पब्लिक हेल्थ सर्व्हिसमध्ये दोन वर्षं काढली की ती सैन्यसेवा धरली जाई. त्यांना व्हायचं होतं हृदयरोगतज्ज्ञ. जेसी रॉथ आणि आयरा पास्टन यांनी त्यांना काम दिलं: एसीटीएच या संप्रेरकाला किरणोत्सारी आयोडीन-१२५ जोडायचं आणि ते ॲड्रिनल ग्रंथीच्या पेशीपटलांवर बसताना मोजायचं. ऐकायला सोपं. पण आयोडीन जोडताना संप्रेरकच निकामी होत असे, आणि निकामी संप्रेरक कुठेही चिकटतं. पहिलं वर्ष-दीड वर्ष हाती काहीच लागलं नाही. त्यांनी बोस्टनला परत डॉक्टरकी करायची व्यवस्थाही करून ठेवली. त्यानंतर प्रयोग जमला आणि १९७० मध्ये तो प्रसिद्ध झाला. बोस्टनला ते गेलेच, पण तिथे रुग्ण बघताना प्रयोगशाळेची आठवण येऊ लागली.

त्या काळी रिसेप्टर ही खरोखरची वस्तू आहे, यावरच अनेकांचा विश्वास नव्हता. रेमंड अहलक्विस्ट यांनी १९४८ मध्ये ॲड्रिनॅलिनच्या रिसेप्टरांची अल्फा आणि बीटा अशी विभागणी मांडली, तो लेख फार्माकॉलॉजीच्या नियतकालिकाने परत पाठवला आणि शेवटी शरीरक्रियाशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला. अहलक्विस्ट स्वतःसुद्धा रिसेप्टरकडे एक सोयीची कल्पना म्हणूनच बघत.

मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगते तो भाग यापुढचा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला लेफ्कोविट्झ आणि इतर काही जणांनी किरणोत्सारी नॉरएपिनेफ्रिन हे संप्रेरक हृदयाच्या पटलांवर बसवून पाहिलं. बंधन दिसलं. पण एक खोच निघाली. नॉरएपिनेफ्रिनसारख्या रेणूंची दोन रूपं असतात, एकमेकांची आरशातली प्रतिमा. हृदयाला त्यातलं एक चालतं, दुसऱ्याला ते फारशी दाद देत नाही. या बंधनात मात्र दोन्ही जवळजवळ सारखीच बसत होती. याचा अर्थ जे मोजलं जात होतं तो रिसेप्टर नव्हता, कॅटेकॉलला (दोन्ही रूपांत सारख्याच असलेल्या भागाला) धरून ठेवणारं दुसरंच काहीतरी होतं. मग १९७४ मध्ये बेडकाच्या लाल रक्तपेशी आणि ट्रिटियम लावलेलं अल्प्रेनोलॉल हे बीटा-ब्लॉकर वापरून प्रयोग झाला. या वेळी योग्य प्रतिमाच बसली, दुसरी बसेना, आणि आयसोप्रोटेरेनॉल, एपिनेफ्रिन (म्हणजे ॲड्रिनॅलिन), नॉरएपिनेफ्रिन यांचा बळाचा क्रमही पेशीच्या प्रतिसादाशी जुळला. त्याच सुमाराला आणखी दोन प्रयोगशाळांनी वेगळे लिगंड वापरून तेच दाखवलं.

बंधन किती येतंय याला तोवर किंमत नसते. ते संपृक्त होतं का (जागा भरल्या की थांबतं का), उलटवता येतं का, आरशातल्या प्रतिमा ओळखतं का, आणि औषधांचा क्रम पेशीच्या वागण्याशी जुळतो का, या चार परीक्षा पास झाल्यावर त्याला रिसेप्टर म्हणायचं. आज तुम्ही ट्रिटियम-आयोडीनच्या भानगडीत न पडता ल्युमिनेसन्सची प्लेट वाचाल, पण परीक्षा याच राहतील.

पुढची बारा वर्षं रिसेप्टर शुद्ध करण्यात गेली. पटलावर तो इतका विरळ असतो की शुद्ध नमुना हवा तर सुमारे एक लाख पट शुद्धीकरण करावं लागतं. १९८६ मध्ये जनुक हाती आलं तेव्हा त्याचा क्रम डोळ्यातल्या ऱ्होडॉप्सिनशी जुळला. उजेड पकडणारं प्रथिन आणि ॲड्रिनॅलिन पकडणारं प्रथिन एकाच घराण्यातली, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. ब्रायन कोबिल्का त्या गटात तरुण फेलो होते, आणि २०१२ चं नोबेल दोघांनी मिळून घेतलं.

त्याच गटातली आणखी एक गोष्ट मला जास्त आवडते. रिसेप्टरला सतत ढोसलं की तो थकतो. पंप वारंवार ओढणाऱ्या दमेकऱ्याला हे माहीत असतं. थकवणारं एन्झाइम सापडलं, बीटा-आर्क असं त्याचं नाव. पण ते जितकं अधिक शुद्ध करावं तितका त्याचा परिणाम कमी होई. एखाद्याने "प्रेप खराब आली" म्हणून नमुना फेकून दिला असता. या लोकांनी विचारलं की शुद्ध करताना आपण काय गमावतोय. डोळ्यातलं अरेस्टिन हे प्रथिन त्यात घातलं तर परिणाम परत आला, आणि त्या धाग्याने १९९० मध्ये बीटा-अरेस्टिन सापडलं. पुढे दिसलं की बीटा-अरेस्टिन सिग्नल थांबवतं तसं स्वतःचे वेगळे सिग्नलही चालवतं. आज ज्याला बायस्ड सिग्नलिंग, म्हणजे औषधाने एकाच मार्गाला झुकतं माप देणं, म्हणतात तो सगळा संसार तिथून उभा राहिला.

आता माझ्या टेबलावरची एक गोष्ट सांगते, म्हणजे रोजचं काम कसं असतं ते कळेल. आमच्या गटातली एक मुलगी दोन आलेख घेऊन आली. एचईके (प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी) पेशींमध्ये बीटा-२ रिसेप्टर भरपूर घातलेला. सायक्लिक एएमपीच्या (जी-प्रथिनाच्या मार्गाने पेशीत वाढणाऱ्या संदेशवाहक रेणूच्या) ॲसेमध्ये साल्ब्युटामॉल थेट पूर्ण ताकदीच्या आयसोप्रोटेरेनॉलच्या उंचीला पोचलेलं. अरेस्टिनच्या ॲसेमध्ये तेच साल्ब्युटामॉल जेमतेम वर सरकलेलं. तिचा निष्कर्ष तयार होता: साल्ब्युटामॉल जी-प्रथिनाकडे झुकलेलं, म्हणजे बायस्ड आहे.

मी तिला एवढंच सांगितलं की रिसेप्टर कमी करून बघ. पेशीत रिसेप्टर गरजेपेक्षा कितीतरी जास्त असतील तर थोडे चालू झाले तरी सायक्लिक एएमपीचा प्रतिसाद माथ्याला टेकतो. अंगणात दहा नळ आणि टाकी दोन नळांतच भरत असेल तर मंद नळ आणि जोरदार नळ यांत फरक दिसणार कसा? अरेस्टिनच्या बाबतीत एकेक रिसेप्टर एकेक अरेस्टिन धरतो, तिथे अशी वाढ होत नाही, म्हणून मंद औषध मंदच दिसतं. तिने रिसेप्टर कायमचे निकामी करणारं रसायन वाढत्या प्रमाणात देऊन तेच आलेख पुन्हा काढले. आयसोप्रोटेरेनॉलचा वक्र आधी उजवीकडे सरकला आणि बऱ्याच उशिरा खाली आला. साल्ब्युटामॉलचा लगेच खचला. म्हणजे साल्ब्युटामॉल साधं आंशिक ॲगोनिस्ट (रिसेप्टरला अर्धवटच चालू करणारं) आहे, जे दम्याच्या औषधांची पुस्तकं पूर्वीपासून सांगत आली आहेत. बायस दोन ॲसेंच्या संवेदनशीलतेत होता.

याला तुम्ही विद्यार्थिदशेतली किरकोळ बाब समजाल म्हणून मॉर्फिनचं उदाहरण देते. बीटा-अरेस्टिन-२ नसलेल्या उंदरांना मॉर्फिनने वेदना जास्त चांगल्या शमतात, हे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे २००५ मध्ये आलं की त्यांचा श्वास कमी मंदावतो आणि बद्धकोष्ठताही कमी होते. साहजिकच सगळे धावले: अरेस्टिन टाळणारं ओपिऑइड (मॉर्फिनच्या जातीचं औषध) करा, वेदना जाईल आणि श्वास टिकेल. ऑलिसेरिडीन हे त्या विचारातून आलेलं औषध अमेरिकेत २०२० च्या ऑगस्टमध्ये मंजूर झालं, शिरेतून द्यायचं, रुग्णालयातच. पण श्वास मंदावण्याचा ठळक इशारा त्याच्यावरही बाकी ओपिऑइडसारखाच आहे. त्याच वर्षी वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी मिळून उंदरांचा प्रयोग पुन्हा केला, आणि अरेस्टिन नसलेल्या उंदरांचाही श्वास मॉर्फिनने तसाच मंदावला. आणखी एका गटाने मांडलं की या नव्या ओपिऑइडांची सुरक्षितता जिथे दिसते तिथे ती त्यांच्या कमी एफिकसीने (रिसेप्टर चालू करण्याच्या ताकदीने) समजावता येते, बायसची गरज पडत नाही. आमच्या टेबलावरचा साल्ब्युटामॉलचा प्रश्न आणि हा प्रश्न एकाच जातीचे आहेत. फरक एवढाच की इथे मध्ये एका मोठ्या कल्पनेची वीस वर्षं आणि बराच पैसा गेला.

माझं मत विचाराल तर बायस ही कल्पना खोटी नाही. मधुमेहाचं टिर्झेपाटाइड जीएलपी-१ रिसेप्टरवर अरेस्टिनपेक्षा सायक्लिक एएमपीकडे झुकलेलं आहे हे चांगल्या प्रयोगांतून आलंय, आणि औषध लागू पडतंय हे तर दिसतंच आहे. पण त्या झुकावामुळेच ते लागू पडतं, असं म्हणायला अजून वाव कमी आहे. तुमच्या पिढीला या प्रश्नावर काम करायला भरपूर जागा आहे.

करिअरचा आकार हा असाच हवा असं मात्र नाही. लेफ्कोविट्झ एकाच रिसेप्टरला धरून खोल जात राहिले, १९७३ पासून ड्यूक विद्यापीठातच. औषधशास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांचं अगदी उलट. ग्लासगोच्या पशुवैद्यक शाळेत ते शिकवत होते. हृदयाला जास्त प्राणवायू पुरवण्यापेक्षा हृदयाची प्राणवायूची भूक कमी करता येईल का, हा प्रश्न घेऊन १९५८ मध्ये ते आयसीआय कंपनीत गेले आणि तिथून प्रोप्रॅनोलॉल हे बीटा-ब्लॉकर आलं. मग तो विषय तिथेच ठेवून दुसऱ्या कंपनीत पोटातल्या आम्लाकडे वळले. हिस्टामाइनचा दुसरा रिसेप्टर असलाच पाहिजे, या तर्कातून १९७६ मध्ये सिमेटिडीन बाजारात आलं, अल्सरच्या कितीतरी शस्त्रक्रिया त्याने वाचवल्या. पीएचडी त्यांनी केलीच नाही, आणि नोबेल १९८८ मध्ये मिळालं. एफिकसी मोजायला आम्ही आज जे गणित वापरतो ते ब्लॅक आणि पॉल लेफ यांनी १९८३ मध्ये मांडलेलं आहे. रिसेप्टर धरून राहणारे आणि आजाराचा प्रश्न धरून रिसेप्टर बदलणारे, अशी दोन माणसं समोर ठेवा आणि स्वतःचा पिंड कोणता ते बघा. मी दुसऱ्या जातीची, म्हणून कंपनीत आले.

आता आपल्याकडची परिस्थिती. इथून पुढचं सगळं "अवलंबून आहे" या सदरातलं. जेआरएफ (सरकारी संशोधन फेलोशिप) मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० आणि पुढे सीनियर झाल्यावर ४२,००० मिळतात, अधिक घरभाडं. फेलोशिप न मिळता नुसत्या प्रोजेक्टच्या पैशावर पीएचडी सुरू करणं मी कुणाला सुचवत नाही, कारण प्रोजेक्ट संपतो आणि प्रबंध संपत नाही. घरची जबाबदारी तुमच्यावर असेल तर हे गणित आधी करा. यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

प्रयोगशाळेची निवड ही दुसरी बाब. भारतात या विषयाचं उत्तम काम होतं. आयआयटी कानपूरला अरुण शुक्ला यांचा गट अरेस्टिन आणि रिसेप्टरांच्या रचनेवर काम करतो, ते स्वतः लेफ्कोविट्झ यांच्याकडे काम करून परतलेले. मुंबईत टीआयएफआरमध्ये विदिता वैद्य सेरोटोनिनच्या ५-एचटी२ए रिसेप्टरचा मेंदूवर आणि मनःस्थितीवर होणारा परिणाम अभ्यासतात. दोन्हीकडे रिसेप्टर आहे, पण शिकायला मिळणारी गोष्ट पूर्ण वेगळी. एकीकडे प्रथिन हातात धरता, दुसरीकडे प्राण्याचं वागणं बघता. तुम्हाला "रिसेप्टर आणि सिग्नलिंग" म्हणताना यांपैकी काय अभिप्रेत आहे, ते अर्ज करण्याआधी ठरवा. बऱ्याच मुलांनी ते ठरवलेलंच नसतं.

साहित्याची अडचणही धरून चाला. किरणोत्सारी लिगंडला अणुऊर्जा नियामक परिषदेची परवानगी लागते, आणि आयोडीन-१२५ चं अर्धायुष्य सुमारे ६० दिवस. खोका विमानतळाच्या कस्टममध्ये अडकला की तिथे पडल्या पडल्या तुमचे पैसे झिजत असतात. म्हणून बहुतेक गट आता फ्लुरोसन्स आणि ब्रेट या प्रकाश मोजणाऱ्या पद्धतींवर गेले आहेत. तरीही एखाद्या ठिकाणी रेडिओलिगंड शिकायला मिळालं तर शिकून घ्या. बर्फगार बफरने फिल्टर चटकन धुतला नाही तर बसलेलं लिगंड सुटून जातं, हे हाताला एकदा कळलं की बंधन आणि सुटण्याचा वेग म्हणजे काय हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

मुलाखतीला जाल तेव्हा गाइडचे पेपर वाचून जाच, पण तिथल्या सीनियर विद्यार्थ्यांना बाजूला घेऊन चार गोष्टी विचारा. तुमच्या ॲसेमध्ये ओळखीच्या औषधाचा ईसी-५० (निम्मा परिणाम देणारी मात्रा) महिन्यामहिन्याला किती हलतो? रिसेप्टर न घातलेल्या पेशींवर तोच प्रयोग तुम्ही करता का? पेशींची मायकोप्लाझ्मा (पेशी बिघडवणाऱ्या जंतूची) तपासणी शेवटची कधी झाली? आणि सरांना नको असलेला निकाल आला तर काय होतं? पहिल्या प्रश्नावर लॅपटॉप उघडून आकडे दाखवले तर ती जागा चांगली. "आमचा ॲसे छान चालतो" एवढंच उत्तर आलं तर मी तरी दुसरी जागा बघेन, गाइडचं नाव कितीही मोठं असो.

राहिला नोकरीचा प्रश्न. फार्माकोव्हिजिलन्स हे चांगलं, स्थिर काम आहे. पण त्यातून प्रयोगशाळेत परतणं अवघड जातं, कारण दोन वर्षांनी तुमच्या हातात दाखवायला ताजा प्रयोग नसतो. घरी पैशाची तातडी असेल तर नोकरी घ्या आणि संध्याकाळी नेट परीक्षेची तयारी करा. फेलोशिपच्या वयाची अट दर वर्षीच्या जाहिरातीत बघून घ्या. तातडी नसेल, तर मी नोकरीऐवजी एखाद्या चांगल्या गटात वर्षभर प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून जाईन. पगार कमी असतो. पण एकाच रिसेप्टरचे वक्र दर आठवड्याला काढताना तुम्हाला मजा येते की वैताग येतो, हे तिथे चार-सहा महिन्यांत कळतं, आणि पीएचडीची पाच वर्षं त्याच कामात जायची असतात. तुमच्या एम.फार्म.च्या प्रोजेक्टमध्ये ऑर्गन बाथ (अवयवाचा तुकडा जिवंत ठेवून त्याला औषध द्यायचं भांडं) वापरला असेल, गिनिपिगचं आतडं, ॲसिटिलकोलीन, ॲट्रोपिन, तर त्याचे मूळ आलेख शोधून ठेवा. ॲट्रोपिनचे दोन-तीन डोस दिलेले असतील तर शिल्ड प्लॉट (ब्लॉकर रिसेप्टरवर किती घट्ट बसतो ते काढायचा आलेख) पुन्हा एकदा स्वतः काढून बघा, उतार एकच्या जवळ येतो का ते. नसेल येत, तर का येत नाही याची दोन कारणं लिहून काढा. मुलाखतीत माझ्यासारखीने विचारायचा पहिला प्रश्न बहुधा तोच असतो.